दहावा माणूस

मुळशी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी काही वर्षे मराठी शिकवीत होतो. एकदा वर्गात पुण्याच्या लष्कर भागाचा विषय निघाला आणि त्या ओघात ‘लाल देऊळ’ हा शब्द आला. पौडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, ते कुठल्या देवाचे?’ ज्यू लोकांचे प्रार्थनालय आहे, असे मी सांगितले. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला, ‘पण कुठल्या ज्यूंचे?’ आपल्याकडे देऊळ म्हटले की ते कुठल्या आळीचे, कुठल्या ज्ञातीचे, हे विचारण्याची सवय असते; त्याच सवयीने त्याने विचारले होते. त्या दिवशी मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. महाराष्ट्रातल्या यहुद्यांच्या इतिहासाचा अर्धाअधिक गुंता त्या तीन शब्दांत सापडतो, हे पुढे वाचत गेल्यावर कळले.

मुळशीहून तो इतिहास तसा दूर नाही. धरणाच्या काठाने ताम्हिणी घाट उतरले की माणूस माणगावात, म्हणजे रायगड जिल्ह्यात पोचतो. घाटाखालचा हा मुलूख बेने इस्रायलांचा. पेण, रोहे, अष्टमी, दिवे, किहीम, तळे ही गावे आणि पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमकर, तळकर ही त्यांची आडनावे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. ज्या वर्षी मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, त्याच १९२१ साली पुण्याच्या रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे ‘सुक्कथ शेलोमो’ हे सिनेगॉग उभे राहिले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण एकाच वर्षात एका खोऱ्यातली माणसे आपल्या गावातून उठवली जात होती आणि शेजारच्या शहरात घाटाखालून आलेली माणसे आपले प्रार्थनास्थान बांधीत होती, हे ध्यानात ठेवावेसे वाटते.

यहुदी धर्मात सार्वजनिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. या दहांच्या जमावाला ‘मिन्यान’ म्हणतात. इमारत नसली तरी चालते, रब्बी नसला तरी चालते. दहा नसले तर मात्र तोराची पोथी उघडून वाचता येत नाही. तेव्हा एखादे सिनेगॉग सर्व यहुद्यांचे स्वागत करते असे कोणी म्हणाले, तर त्याची खरी कसोटी सोपी आहे. आलेल्याला बसायला जागा मिळते का, हे पाहून भागत नाही. दहांत त्याची गणती होते का, हे पाहावे लागते. नऊ जण जमले आहेत आणि दारातून एक अनोळखी माणूस आत आला. तो दहावा धरायचा की नाही? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

आता पंथांविषयी थोडे. रिफॉर्म, ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्वेटिव्ह ही यहुदी धर्मातली नावे फार जुनी नाहीत. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही मंडळींनी प्रार्थना आटोपशीर करून ती लोकभाषेत आणायला सुरुवात केली. हॅम्बुर्गचे १८१८ सालचे ‘टेम्पल’ हा त्यातला ठळक टप्पा. या सुधारकांना ज्यांनी विरोध केला त्यांना ऑर्थोडॉक्स हे नाव पडले. म्हणजे सनातनी हे नावसुद्धा सुधारणेनंतरचे! (आपल्याकडेही सुधारक जन्माला आल्याशिवाय सनातनी स्वतःला सनातनी म्हणवीत नव्हते.) दोहोंच्या मधला मार्ग काढणारा कॉन्झर्वेटिव्ह पंथ पुढे अमेरिकेत वाढला. या सगळ्या भांडणाच्या काळात कोकणातला बेने इस्रायल कुठे होता? तो हिब्रू नव्याने शिकत होता. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्याने शतकानुशतके जपले होते. बाकीचे कोचीनहून आलेल्या हजानांनी शिकवले, आणि हिब्रूच्या व बायबलच्या बाबतीत डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी, आपल्या हेतूने का होईना, मदत केली. त्याची उपासनापद्धती घडली ती कोचीनमार्गे आलेल्या सेफार्दी वळणाची. ज्याने अजून परंपरेची पूर्ण मांडणीच केली नव्हती त्याला ती मोडायची की राखायची हा प्रश्न पडणार कसा?

त्याच्याकडे रब्बीही नव्हता. हजान प्रार्थना म्हणत असे, मुकादम आणि चौगुले मंडळीचा कारभार पाहत. ही नावेच सांगतात की व्यवस्था गावगाड्याच्या नमुन्यावर उभी होती. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधले. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटल्याबद्दल त्यांनी ते बांधले, असे परंपरा सांगते. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे दयेचे दार. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. १८४३ साली दुसरे निघाले, ‘शाआर रासोन’, कृपेचे दार. ती झाली ‘नवी मशीद’. ठाण्याचे १८७९ सालचे ‘शाआर हाशामायीम’ म्हणजे स्वर्गाचे दार. नावानावांत दार आहे हे मी मुद्दाम सांगतो आहे. ‘मशीद’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. प्रार्थनेच्या जागेला शेजाऱ्यांचा शब्द वापरताना या समाजाला संकोच वाटला नाही.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी एक पुस्तक अवश्य माहीत करून घ्यावे. १८७४ साली पुण्यात एक हगादा शिळाप्रेसवर छापला गेला. पेसाख सणाच्या रात्री घरात वाचायचा हा ग्रंथ. मिसरच्या गुलामीतून सुटका झाल्याची कथा त्यात असते. हिब्रू संहिता आणि तिच्याबरोबर मराठी भाषांतर, असे त्याचे रूप. मोझेस जेकब तळकर आणि ॲरन डॅनियल तळकर यांनी तो काढला, आणि छापला विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका त्यातल्या चित्रात लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. आडनावावरून घाटाखालच्या तळ्याचे म्हणावेत असे दोन यहुदी आणि आडनावाने अग्निहोत्री असलेला मुद्रक, अशा तिघांनी मिळून मिसरच्या गुलामीची कथा मराठीत आणली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी यहुदी प्रार्थनांची मराठी भाषांतरे एकामागून एक केली. लोकभाषेत प्रार्थना आणणे हे युरोपात सुधारक पंथाचे निशाण ठरले होते आणि त्यावरून तिथे मंडळ्या फुटत होत्या. इथे ते काम सश्रद्ध, परंपरानिष्ठ माणसांनी केले आणि त्याला कोणी पंथांतर म्हटले नाही. १८८० च्या सुमारास तर बेने इस्रायलांनी कीर्तन उचलले. अब्राहामाचे आणि जोसेफाचे आख्यान, टाळ, साकी-दिंडी, सगळे यथासांग. त्यावर कुठल्या रब्बीने काय निकाल दिला असता, कोण जाणे! विचारायला रब्बीच नव्हता, हे एका परीने बरे झाले.

या पार्श्वभूमीवर १९२५ साल येते. त्या वर्षी मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी ‘ज्यूइश रिलिजियस युनियन’ स्थापन केली. बाईंचे शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झालेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकाची पदवी, मग सरकारी शिष्यवृत्तीवर लंडन, आणि १९१९ साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातली एम.डी. लंडनच्या वास्तव्यात त्यांचा लिली माँटेग्यू आणि क्लॉड माँटेफिओर यांच्या उदारमतवादी वर्तुळाशी परिचय झाला. लिलीबाईंनी १९०२ साली लंडनमध्ये जी संस्था सुरू केली तिचेही नाव हेच. पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या झिराडबाईंचे चरित्र वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. धर्माच्या इतिहासात त्यांच्याकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे गेलेले नाही. एका स्त्रीने पुढाकार घेऊन मंडळी उभी करावी आणि तिचा कारभार पाहावा, हे त्या काळच्या मुंबईत, नुसत्या यहुद्यांतच कशाला, कुठल्या धर्मात घडत होते?

युनियनचे सिनेगॉग भायखळ्याला आहे. ‘रोदेफ शालोम’ असे त्याचे नाव. शांतीच्या मागे लागलेला, असा त्याचा अर्थ. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसत, प्रार्थना आटोपशीर असे, हिब्रूबरोबर इंग्रजी व मराठीही चाले. पुढे ही मंडळी ‘वर्ल्ड युनियन फॉर प्रोग्रेसिव्ह ज्युडाइझम’शी संलग्न झाली. १९५७ च्या सुमारास ह्यूगो ग्रिन नावाचा तरुण रब्बी तिच्यासाठी मुंबईत आला. आउश्वित्झमधून जिवंत परतलेला हा मुलगा अमेरिकेत रब्बी झाला आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती मुंबईची. पुढे इंग्लंडमध्ये ते रेडिओवरचा एक लाडका आवाज म्हणून घरोघर माहीत झाले. युरोपात यहुदी असल्याबद्दल ज्याचे घरदार नाहीसे झाले, तो माणूस भायखळ्यात मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची प्रार्थना चालवतो आहे. या प्रसंगावर कोणा मराठी लेखकाने कथा कशी लिहिली नाही, याचे मला नवल वाटते.

पंथ नवा निघाला म्हणजे समाज फुटतो, अशी आपली धारणा असते. मुंबईत तसे झाले का? कुरबुरी झाल्याच असतील. कुठे होत नाहीत? पण युनियनचे सभासद आणि जुन्या मशिदीचे सभासद एकाच कुळातले, कधी एकाच घरातले होते. पंथाने सोयरिकी अडल्या नाहीत. एलियाहू हानाबीच्या नावाने करायचा मलिदा (गोड पोहे, खोबरे, फळे यांचे ताट मांडून नवस फेडायचा तो विधी) सुधारकाच्या घरीही होता आणि सनातन्याच्या घरीही. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथे नवस फेडायला येणाऱ्याला त्याचे सिनेगॉग कुठल्या जागतिक संघटनेचे, हे कोणी विचारीत नाही. पंथाची पाटी सिनेगॉगच्या भिंतीवर होती. घरातला धर्म त्या पाटीच्या आधीचा होता.

दुसरा बदल याहूनही बोलका आहे. १९५७ साली कॉन्झर्वेटिव्ह पंथाची ‘वर्ल्ड कौन्सिल ऑफ सिनेगॉग्ज’ ही जागतिक संघटना निघाली. बेने इस्रायलांच्या काही जुन्या सिनेगॉगनी ‘युनायटेड सिनेगॉग ऑफ इंडिया’ या नावाखाली तिच्याशी नाते जोडले. पुढे काहींनी ऑर्थोडॉक्स संघटनांची वाट धरली. म्हणजे परंपरेने सेफार्दी वळणाची, कोणत्याच आधुनिक पंथाची नसलेली मंडळी कागदोपत्री कॉन्झर्वेटिव्ह झाली, काही पुन्हा ऑर्थोडॉक्स झाली. आत काय बदलले? हजान तोच, प्रार्थनेच्या चाली त्याच, सिम्हाथ तोराच्या दिवशीची मिरवणूक तीच. अभ्यासक याला कधी कधी ‘पंथांतर’ म्हणतात. मला तो शब्द जड वाटतो. १९४८ नंतर इस्रायलकडे ओघ लागला होता, हिब्रू शिकवणारे कमी होत होते, पुस्तके, शिक्षक, शिष्यवृत्त्या बाहेरून येणार होत्या. बाहेरच्या जगाशी बोलायला काही एक पत्ता लागतो, तो या मंडळ्यांनी घेतला. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. आपण आहोत तसे राहून जगातल्या यहुद्यांच्या पंक्तीला बसण्याची धडपड त्यात होती. पंथाच्या नावाने कोणाला दारात अडवल्याचे मात्र दिसत नाही.

मग दार बंद झालेच नाही का? झाले. पंथावरून झाले नाही, एवढेच. ते झाले कुळावरून.

डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईत आले. बगदाद, बसरा, अलेप्पो इकडून आलेले हे व्यापारी आरंभी बेने इस्रायलांच्याच सिनेगॉगात प्रार्थनेला जात, कारण दुसरे सिनेगॉग नव्हते. दहांची गणती तेव्हा एकत्र झाली असणार. पण १८३६ सालीच ससून आणि इतर काहींनी सरकारकडे अर्ज केला, की सामायिक दफनभूमीत मध्ये भिंत घालू द्यावी. चार वर्षांत! जिवंतपणी एकत्र बसणारी माणसे मेल्यावर वेगळी हवी झाली. आक्षेप असा, की बेने इस्रायलांचे रक्त शुद्ध नाही, त्यांच्या पूर्वजांनी इथल्या बायका केल्या, घटस्फोटाचे आणि विधवेच्या दिराशी असलेल्या नात्याचे शास्त्रोक्त नियम त्यांनी पाळले नाहीत. पुढे बगदाद्यांची स्वतःची भव्य सिनेगॉगे झाली: भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे ओहेल डेव्हिड, काळ्या घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू. तिथे बेने इस्रायल माणूस आला तर येऊन बसे. पण दहांत त्याला धरायचे नाही, तोरा वाचायला त्याला बोलवायचे नाही, असा पवित्रा विसाव्या शतकात अधिकाधिक कडक होत गेला. साम्राज्याच्या खातेवहीत आपली नोंद युरोपीयांबरोबर व्हावी अशी बगदादी पुढाऱ्यांची इच्छा होती, आणि शेजारी बसलेला मराठी बोलणारा यहुदी त्या इच्छेच्या आड येत होता. हे कारण मला शास्त्रार्थापेक्षा अधिक खरे वाटते.

विरोधाभास पाहा. राजपूरकर, ज्यांनी प्रार्थना मराठीत आणल्या, ते शिकवीत कुठे होते? डेव्हिड ससून यांच्या नावाच्या धर्मादाय शाळेत. देणगी सर्वांसाठी, दफनभूमी वेगळी. पुण्यात ससून रुग्णालयाच्या दारात आजही कोणी कुणाची जात विचारीत नाही. ससून घराण्याच्या दातृत्वाबद्दल पुणेकराने कृतज्ञच असावे. पण औदार्य आणि समानता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हा वाद कोर्टातही गेला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. रंगूनच्या मुस्मेआह येशुआ सिनेगॉगात बेने इस्रायलांना मतदानाचा आणि विश्वस्त होण्याचा हक्क नाकारण्यात आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि १९३५ साली न्यायमूर्ती लीच यांनी निकाल दिला, की बेने इस्रायल हे यहुदीच आहेत व त्यांना इतरांइतकेच हक्क आहेत. यहुदी कोण, याचा निवाडा एका इंग्रज न्यायाधीशाला करावा लागला.

बेने इस्रायलांची बाजू मांडताना एक गोष्ट दडवणे बरोबर होणार नाही. त्यांच्यातही गोरे आणि काळे असे भेद होते. काळे म्हणजे बेने इस्रायल पुरुषाला इतर जातीच्या स्त्रीपासून झालेल्या संततीचे वंशज, अशी समजूत. गोऱ्यांचा त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नव्हता, आणि सिनेगॉगमध्येही त्यांना मान खालचा होता. बगदाद्यांनी ज्या तराजूत बेने इस्रायलांना तोलले त्याच तराजूत बेने इस्रायलांनी आपल्यातल्याच काहींना तोलले होते. तराजू कुठून आला हे मराठी वाचकाला सांगायला नको.

इस्रायलमध्ये गेल्यावर हे संपेल, अशी आशा होती. तिथे तर प्रश्न थेट राज्याच्या विवाह नोंदणीपर्यंत पोचला, कारण यहुद्यांचे विवाह तिथे ऑर्थोडॉक्स रब्बींच्याच हाती आहेत. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने सूचना काढल्या: बेने इस्रायल वधूवरांची नोंद करताना त्यांच्या मातृकुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. आक्षेप जुनेच, १८३६ सालचे. फरक एवढाच की आता भिंत दफनभूमीत नव्हती, लग्नमंडपात होती. बेने इस्रायलांनी निदर्शने केली, जेरुसलेममध्ये ठाण मांडले. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने विशेष बैठकीत ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत; त्यानंतर रब्बीमंडळाने आपल्या सूचनांतून त्यांचे नाव काढले. ज्या काळात मुंबईतल्या सिनेगॉगनी कॉन्झर्वेटिव्ह वा ऑर्थोडॉक्स संघटनांशी नाती जोडली तो हाच काळ, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाट्यांचा अर्थ थोडा निराळा लागतो. पंथ बदलणारी मंडळी जगाला सांगत होती, आम्हाला मोजा.

आता पुन्हा लाल देवळाकडे. ओहेल डेव्हिड म्हणजे डेव्हिडचा तंबू. बांधकाम १८६३ च्या सुमारास सुरू झाले आणि १८६७ साली पुरे झाले. आराखडा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. लाल विटा, काळा पाषाण, आणि सुमारे नव्वद फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा. दुरून चर्च वाटावे असा हा घाट. पुणेकरांनी मात्र त्याला सरळ देऊळ म्हटले आणि रंगाचे नाव दिले. ससून १८६४ साली पुण्यातच वारले; त्यांची कबर याच आवारात आहे. इमारत होताना तिला अभिप्रेत असलेली मंडळी बगदादी होती. १९४७ नंतर ती मंडळी इंग्लंड, इस्रायल, ऑस्ट्रेलिया अशी पांगली. ट्रस्ट उरला, बाके उरली, पोथ्या उरल्या. बाकांवर येऊन बसले ते बेने इस्रायल.

कोणत्याही ठरावाशिवाय, पाटी न बदलता, एका सिनेगॉगचे असे परिवर्तन झाले. पद्धती बगदादी वळणाचीच मानली जाते. प्रार्थना म्हणणारे आणि दहांत मोजले जाणारे आज बहुतांशी बेने इस्रायल असतात, आणि प्रार्थना आटोपल्यावर आवारात ऐकू येते ती मराठी. ज्यांना इथे दहावा धरीत नसत, त्यांच्यावाचून आज इथे पहिलाही मिळायचा नाही. मुंबईच्या मागेन डेव्हिडचे आणि केनेसेथ एलियाहूचेही कमीअधिक तेच झाले. यावर कोणी ‘काळाने न्याय केला’ असे म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. न्याय करायला दुसरा पक्ष हजर लागतो. इथे तो निघून गेला होता. १९४८ साली भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. आज भारतातले सगळे यहुदी धरून आकडा पाच हजारांच्या आसपास सांगतात, त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्याला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर दरवाजे उघडे ठेवायला माणसेच थोडी उरली होती. संख्या घटली म्हणून दार उघडले असेल, तर त्याला उदारता म्हणावे का? विद्यार्थ्यांशी बोलताना मी हा प्रश्न उघडाच ठेवतो. पण एक निरीक्षण नोंदवतो. संख्या भरपूर होती तेव्हाही बेने इस्रायलांच्या सिनेगॉगनी पंथावरून कोणाला परतवले नव्हते. ती सवय त्यांच्या अंगात आधीच होती, आणि लाल देवळात शिरताना ती त्यांनी बरोबर नेली.

काही वर्षांपूर्वी मी एका शुक्रवारी संध्याकाळी तिथे गेलो होतो. २००८ साली मुंबईत नरिमन हाऊसवर आणि २०१० साली पुण्यात जर्मन बेकरीत जे झाले त्यानंतर फाटकाशी पोलीस असतात. नाव, ओळखपत्र, येण्याचे कारण, सगळे विचारून झाले. मी यहुदी नाही, तेव्हा माझ्या येण्याने गणतीत भर पडणार नव्हती. आत आठ जण होते. ते थांबले होते. एका वृद्ध गृहस्थांनी मला मागच्या बाकावर बसायची खूण केली आणि हळू आवाजात मराठीत विचारले, ‘बाहेर आणखी कोणी येताना दिसले का हो?’ फाटकाशी एक परदेशी तरुण पाठीवर पिशवी घेऊन पोलिसांना आपला पासपोर्ट दाखवत होता, तेवढे मी सांगितले. तो कुठला, कोणत्या पंथाचा, हे त्यांनी विचारले नाही. ‘म्हणजे नऊ,’ असे म्हणून ते दाराकडे पाहत राहिले.